सरळ केसांसाठी एक रविवार

माझे केस लहानपणापासून कुरळे. वाळकाच्या वेलाला हिरवे तणावे फुटतात आणि जे सापडेल त्याला वळसा घालतात, तसे. माय सकाळी तेल चोपडून दोन घट्ट वेण्या घालायची, लाल रिबिनी बांधायची, आणि तिसऱ्या तासापर्यंत माझ्या कपाळाभोवती पुन्हा तेच तणावे उभे राहायचे. मागच्या बाकावरच्या मुली त्यांत पेन्सिली खोचायच्या. एकदा मी केसांत तीन पेन्सिली घेऊन घरी आले होते आणि मला पत्ता नव्हता.

ही गोष्ट मी दिग्रसच्या शाळेत अकरावीला होते तेव्हाची, साठ-एकसष्टच्या हिवाळ्यातली. आम्ही जिनिंगच्या मागच्या भिंतीला लागून असलेल्या खोल्यांच्या ओळीत राहायचो. बाबा जिनिंगमध्ये रेच्यावर होते. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारे यंत्र. दिवाळीनंतर रेचे सुरू झाले की आमच्या ओळीवर पांढरी लव उडत राहायची. ती पाण्याच्या घागरीत पडायची, भाकरीवर बसायची, झोपलेल्या माणसाच्या मिशीत अडकायची. म्हणून आमच्याकडे हंगामात कुणी ओले कपडे उघड्यावर वाळत घालत नसे. रविवारी मात्र जिनिंग बंद. त्या दिवशी साऱ्या ओळीच्या दोऱ्या लुगड्या-धोतरांनी भरून जायच्या. ओलं ते रविवारी वाळवायचं, हा आमच्याकडचा नियम अगदी लहान पोरालाही ठाऊक होता.

आमच्या घरात माझ्याआधी चौथीच्या पुढे कुणी गेले नव्हते. त्यामुळे यवतमाळला होणाऱ्या जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी शाळेने माझे नाव दिले तेव्हा बाबांनी ती बातमी जिनिंगमध्ये प्रत्येक रेच्यापाशी जाऊन सांगितली. आमच्या ओळीतली माणसे यवतमाळला जायची ती मोठ्या दवाखान्यात. भाषण करायला कुणी गेले नव्हते. विषय होता ‘पंचवार्षिक योजना आणि आपले खेडे’. मी ते भाषण स्वतः लिहिले होते आणि चुलीपुढे, विहिरीवर, रस्त्याने म्हणत होते. मायला धरणांची नावे पाठ झाली होती.

स्पर्धा सोमवारी होती. शनिवारी शाळा सुटताना, आम्हाला मराठी शिकवणाऱ्या आणि स्पर्धेला घेऊन जाणाऱ्या बाईंनी मला थांबवले. बाई कडक होत्या, पण अन्याय करणाऱ्या नव्हत्या. आदल्या वर्षी परीक्षकांपैकी कुणी तरी दिग्रसची मुले भाषण बरे करतात पण शेतातून थेट उठून आल्यासारखी दिसतात, असे सर्वांसमोर म्हणाले होते. ते त्यांना फार लागले होते. त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिले आणि शांतपणे सांगितले,

“सोमवारी सकाळी मोटारीच्या अड्ड्यावर दोघींनी यायचं. तुझे केस नीट बसलेले असतील तर तू येशील. असे पिंजारलेले असतील तर ती येईल. तिलाही भाषण पाठ आहे.”

ती म्हणजे माझी मैत्रीण. आम्ही पहिलीपासून एका बाकावर. तिच्या वडिलांचे बाजारात किराण्याचे दुकान. तिचे केस इतके सरळ की रिबीन आपोआप घसरून पडायची. माझे भाषण तिला पाठ होते ते मीच रोज तिच्यासमोर म्हणत होते म्हणून.

बाई गेल्यावर मी रडेन असे तिला वाटले असावे. पण मला रडू आले नाही, मला घाई सुटली. हातात एक आख्खा रविवार होता. आम्ही दोघी घरी जाताना अक्षरशः पळत होतो आणि पळतापळता ती मला सांगत होती की तिची अमरावतीची मावसबहीण जवसाच्या पाण्याने केस सरळ करते. मूठभर जवस पाण्यात उकळायचे. बुळबुळीत, दाट पाणी सुटते. ते कापडातून गाळायचे, ओल्या केसांना लावायचे, कंगव्याने खाली ओढायचे आणि वाळू द्यायचे. लोखंड नको, विस्तव नको. वाळले की केस पट्टीने आखल्यासारखे राहतात.

“अन् मंग?” मी विचारले.

“मंग काई नाई. तसेच राह्यतात.”

पुढे काही तरी कापड बांधायचे असे मावसबहिणीने सांगितले होते. ते मैत्रिणीला सोमवारी संध्याकाळी आठवले.

रविवारी माय पहाटेच कापूस वेचायला गेली. बाबा अंगणात लिंबाच्या सावलीत विडी ओढत बसले होते. मी डब्यातले जवस काढले. ते मायने चटणीसाठी निवडून ठेवले होते, म्हणून मी निम्मेच घेतले आणि मग धीर सुटून सगळेच घेतले. उकळले. खरोखरच दाट, चकचकीत पाणी सुटले, अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखे. आम्ही दोघी भांड्यात बोटे घालून तार निघते का ते पाहत होतो आणि हसत होतो. मैत्रिणीने मला ओसरीवर बसवून बटा वेगळ्या केल्या, एकेक बट त्या पाण्याने माखली, कंगव्याने ताणली. ताणली की सरळ, सोडली की पुन्हा वर. भिजलेले मांजराचे पिल्लू अंग झटकते तशी प्रत्येक बट स्वतःला झटकून घेत होती.

तेव्हा तिला युक्ती सुचली. बाबांच्या पेटीत जिनिंगमधले जुने लोखंडी नट होते. तिने आठ नट काढले, प्रत्येकात सुतळी ओवली आणि माझ्या बटांच्या टोकांना बांधले. मग आम्ही बाज अंगणात उन्हात ओढली. मी बाजेवर उताणी झोपले, मान काठावर, केस खाली लोंबत, आणि आठ नट जमिनीपासून वीतभर वर. बाबांनी एकदा वळून पाहिले.

“हे काय सुरू हाये व?” त्यांनी विचारले.

“केस सरळ करून राह्यलो, काका,” मैत्रीण म्हणाली.

“नट वापस पेटीत ठेवजा,” एवढेच बाबा म्हणाले.

दुपारी कुणीतरी दारात येऊन बाबांना हाक मारली. कापसाच्या गाड्यांची रांग फार लांबली होती, मालकाने रविवार असूनही बोलावले होते. बाबा पायात चपला सरकवून गेले. मला हे सगळे ऐकू आले. ऐकू येऊनही त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नाही, कारण मी त्या वेळी दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत होते. मैत्रीण हातात कागद धरून माझे भाषण तपासत होती. मी डोळे मिटून, उन्हाकडे तोंड करून बोलत होते. थोड्या वेळाने रेचे सुरू झाले. रेच्यांचा आवाज आम्हाला नवा नव्हता, आमचे सगळे आयुष्य त्या आवाजात गेले होते. आवाज वाढला तशी मी माझा आवाज वाढवला. मैत्रीण ओरडून म्हणाली की असेच, असेच, शेवटच्या रांगेपर्यंत पोचले पाहिजे. मला इतका जोर चढला की मी सबंध भाषण दोनदा म्हटले. इतके चांगले ते आधी कधी झाले नव्हते. मोकळ्या आकाशाखाली बाजेवर पडून मी खेड्याखेड्यांत वीज नेत होते आणि वरून माझ्या चिकट केसांवर जिनिंगची लव उतरत होती.

नाकात गुदगुल्या होऊन मी शिंकले तेव्हा डोळे उघडले. मैत्रिणीच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. ती माझ्या डोक्याकडे पाहत होती.

मी डोक्याला हात लावला. केस हाताला लागलेच नाहीत. रजईत हात घातल्यासारखे वाटले. जवसाचे पाणी उन्हात वाळून कडक झाले होते आणि त्यात लव जाऊन बसली होती, थरावर थर. आठ नट आठ पांढऱ्या काकड्यांच्या टोकांना लटकत होते. आरशात मला एक म्हातारी दिसली, आणि तीही धड नाही. मैत्रिणीने एक बट ओढून पाहिली. मी किंचाळले. आता मात्र दोघींना रडू आले. रडतारडता ती म्हणत होती की मी जाणार नाही, बाईंनी ओढत नेले तरी मी तुझ्या जागी यवतमाळला जाणार नाही.

तेवढ्यात माय शेतातून आली. ओटीत कापूस, डोक्यावर पदर. तिने मला पाहिले, पुढे आली, निरखून पाहिले.

“आजी झाली काय व तू सकाळपासून?”

मग तिला भांड्याच्या तळाशी जवस दिसले. चटणीचे जवस डोक्याले लावले म्हणून तिने मला दोन गोष्टी ऐकवल्या, आणि ऐकवतानाच तिचा हात बटांवरून फिरत होता. तिलाही कळले होते की हे साधे काम नाही. पाण्याने सुटते का पाहू म्हणून ती घागर घेऊन आली. नाही सुटले तर कात्री, असे तिने मला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात म्हटले. मी डोके पुढे केले. घागर कलती झाली होती.

“रुक गे, पाणी नोको टाकू.”

शेजारच्या दारातून चाची आली होती. चाची आमच्या शेजारची, पिंजाऱ्याची बायको. तिचा नवरा खांद्यावर धनुकली घेऊन गावोगाव गाद्या-रजया पिंजायला जायचा. घरी आलेला जुना कापूस निवडायचे, सोडवायचे काम चाचीचे. आमचे रडणे ऐकून ती पीठ भरल्या हातांनीच आली होती. तिने मायच्या हातातली घागर खाली ठेवायला लावली.

“ओला झाला की कापसाचा गठ्ठा होते,” ती म्हणाली. “मंग कात्रीच लागन. सुका आहे तवर सोडवून घे. माह्या हाताखाली अशा किती रजया गेल्या. हे त एक डोकं आहे.”

तिने हात धुतले, पुसले, अगदी कोरडे केले. मला आपल्या दोन गुडघ्यांमध्ये बसवले आणि एक बट दोन तळव्यांत धरून हलकेच चोळू लागली, जशी वात वळतात तशी. कडकड असा बारीक आवाज आला. वाळलेल्या जवसाचे पापुद्रे तुटून माझ्या मांडीवर पडू लागले. पापुद्रा सुटला की लव सैल व्हायची. ती बोटांच्या टोकांनी उचलायची आणि बाजूला टाकायची. ओढत नव्हती. ओढलेला कापूस तुटतो आणि तुटलेला कापूस अजून बसतो, असे ती मैत्रिणीला सांगत होती. मैत्रीणही दुसऱ्या बाजूने तसेच करू लागली. माय चुलीवर रिठे टाकून पाणी तापवायला गेली. दिवस कलला, रेचे चालूच होते, म्हणून आम्ही दार लावून घरात बसलो.

सगळी लव निघाली नाही. उरलेलीसाठी चाचीने तिळाचे तेल चोपडले आणि उवांची बारीक फणी घेतली. फणी मुळापासून टोकापर्यंत, एका दमात, ताणून. प्रत्येक खेपेला फणीच्या दातांत पांढरी रेघ यायची. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, पण आता ते रडण्याचे नव्हते. मी दात आवळून मनात भाषण म्हणत होते. एका भाषणाला दोन बटा, असे प्रमाण पडले.

बोलता बोलता चाचीने मला विचारले की मुळात हे कायले केले. मी तिला बाईंचे सांगितले. तिने फणीतली लव झटकली.

“यवतमाळची मोटर किती वाजता?”

“सात.”

“मंग होते,” ती म्हणाली, आणि फणी जोरात चालू लागली.

रिठ्याच्या पाण्याने केस धुतले तेव्हा तेल निघाले, आणि तेलाबरोबर जवळजवळ सगळी लव. नंतर जे चाचीने केले ते मी आजही डोळ्यांपुढे आणू शकते. ओले केस तिने डाव्या कानापाशी ताणून धरले, विंचरून सपाट केले आणि डोक्याभोवती गुंडाळायला सुरुवात केली. कपाळावरून उजव्या कानामागे, मानेवरून पुन्हा डावीकडे. एक बट, मग तिच्यावर दुसरी, कंगवा सतत फिरता, कुठेही सुरकुती नाही, जणू डोक्यालाच केसांचा फेटा बांधते आहे. वरून तिने आपली मलमलची ओढणी इतकी करकचून बांधली की माझ्या भुवया वर गेल्या. तिच्या माहेरी लग्नाआधी नवरीचे केस असेच बसवतात, विस्तवाबिस्तवाची गरज नाही, असे ती म्हणाली. खरी गंमत पुढे होती. जेवणे झाल्यावर ती पुन्हा आली, ओढणी सोडली, केस उलगडले आणि तेच सगळे उलट्या बाजूने गुंडाळले. एकाच बाजूने वाळले तर केस त्या बाजूला वाकतात, दोन्ही बाजूंनी ताण मिळाला की सरळ पडतात. शाळेत शिकवलेला बळांचा समतोल मला चाचीच्या हाताखाली कळला.

“नव्या नवरीच्या रजईचा कापूस मी इतका निवडला नाही,” जाताना ती मायला म्हणाली. “हिले सांग, बोलन त चांगलं बोल म्हना.”

मी त्या रात्री पाठीवर, मान ताठ ठेवून झोपले. कुशीला वळायचीही भीती.

सकाळी मायने ओढणी सोडली. केस खाली पडले. खरोखर पडले, आयुष्यात पहिल्यांदा, पाठीवरून कमरेपर्यंत, सरळ. मी डोके हलवले, ते हलले आणि परत जागेवर आले. मी एवढी हसत होते की मायला वेण्या घालता येईनात. बाबा दारात उभे राहून पाहत होते. पेटीत नट मोजून ठेवले आहेत ना, एवढे त्यांनी विचारले, आणि मग अड्ड्यापर्यंत माझ्याबरोबर आले. कामाची वेळ होती, तरी आले.

निळ्या काठाचे पांढरे पातळ, दोन सरळ वेण्या, रिबिनी जागच्या जागी. बाई मोटारीपाशी उभ्या होत्या. त्यांनी मला पाहिले, मग दोन पावले पुढे येऊन पुन्हा पाहिले. त्यांनी माझ्या वेणीला हात लावला. तेवढ्यात माझी मैत्रीण आली.

तिने घरातले जुने, चुरगळलेले पातळ नेसले होते. पायात चपला नव्हत्या. केस मोकळे, विंचरलेलेच नव्हते, आणि भुवईत कालची थोडी लव तशीच. बाईंना तिच्याकडे पाहून धक्का बसला. त्यांनी विचारले की हे काय. ती खाली पाहत म्हणाली,

“उठाले उशीर झाला, बाई.”

तिच्या घरी पाच वाजता सगळे उठतात हे बाईंनाही माहीत होते. त्या तिच्याकडे पाहत राहिल्या, मग माझ्याकडे. त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. माझ्या उजव्या कानामागे लवेचा एक तंतू राहिला होता, तो त्यांनी चिमटीत धरून काढला, वाऱ्यावर सोडला आणि म्हणाल्या,

“चल, बस आत. मोटार सुटेल.”

दारव्ह्यावरून यवतमाळपर्यंत मी खिडकीतून तोंड बाहेर काढले नाही. वाऱ्याने काही बिघडेल म्हणून डोके पदराने झाकून बसले. यवतमाळ आले तेव्हा मोटार एका मोठ्या इमारतीसमोरून गेली. दारात सायकली लावलेल्या, पायऱ्यांवर मुले, आणि त्यांच्यात तीन-चार मुली पुस्तके छातीशी धरून. मी बाईंना विचारले की हे काय आहे. कॉलेज, त्या म्हणाल्या. मी मोटार वळेपर्यंत मागे पाहत राहिले. मुलीही आहेत, असे मी दोनदा म्हटले. बाई म्हणाल्या, हो, मुलीही. त्याच कॉलेजात मी पुढे चार वर्षे शिकले आणि आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले. त्या पायऱ्या चढताना दर वेळी मला जवसाच्या पाण्याचा वास आल्यासारखे वाटायचे. पण त्या सोमवारी मला यातले काही माहीत नव्हते. मला फक्त बोलायचे होते.

मी बोलले. शेवटच्या रांगेपर्यंत. रेच्यांच्या आवाजात सराव झालेला गळा, त्याला एका सभागृहाचे काय. घाम आला, तोंड तापले, मी हात उंचावून अखेरचे वाक्य घेतले, आणि त्याच वेळी कपाळावर काहीतरी टुणकन उसळल्यासारखे झाले. टाळ्या वाजत होत्या. जागेवर येऊन बसले तर बाई माझ्याकडे पाहून हसत होत्या, पहिल्यांदाच, दात दिसेपर्यंत. कपाळावरचा तो तणावा त्यांनी बोटाने मागे सारला. तो पुन्हा पुढे आला.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “आता राहू दे त्याला.”

माझा तिसरा नंबर आला. बक्षीस म्हणून शाईचे पेन मिळाले.

दिवेलागणीला मोटार दिग्रसला परतली. अड्ड्यावर बाबा होते, माय होती, चाची पदराखाली हात घालून उभी होती, आणि सगळ्यांच्या पुढे माझी मैत्रीण, आता नीट विंचरलेली, रिबीन घसरत चाललेली. मी पेन वर धरून खाली उतरले. तिने पेनाकडे पाहिलेही नाही. तिने माझ्या कपाळावरच्या वळशांकडे पाहिले आणि श्वास न घेता विचारले,

“किती वेळ टिकले व?”

“शेवटच्या वाक्यापर्यंत,” मी म्हणाले.

ती उडी मारून चाचीकडे वळली आणि ओरडून तिला तेच सांगू लागली.